जर्मनीतल्या बॉट्रॉपहून घरी पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. जेवणखाण, थंडीचे कपडे, झोप हे सगळं दर रविवारी फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. आईचे दोन प्रश्न मात्र फोनवर नीट सांगता आले नाहीत. "आजारी पडलीस तर तिथे कोणाला कळणार?" आणि "बिअर विकतात त्या टपरीवर रोज कशाला जातेस?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून लिहायला बसले.

आई, तो गुत्ता नाही. 'ट्रिंकहाले' हे त्याचं नाव, बोलताना सगळे 'बूडे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या रूर भागात खाणी आणि पोलादाचे कारखाने वाढले तेव्हा नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिता येत नसे, आणि कामगार तहानेला बिअर नाहीतर श्नाप्स नावाची कडक दारू प्यायचे. ते थांबावं म्हणून खाणींच्या फाटकांपाशी सोडावॉटर विकणाऱ्या खिडक्या निघाल्या. बिअर मागाहून आली. आजही मिळते, ते मी लपवत नाही. पण तिथेच सकाळचा पेपर, पाव, दूध, सिगारेट, पोरांच्या गोळ्याही मिळतात, आणि रविवारी मोठी दुकानं बंद असतात तेव्हा बूडेची खिडकी उघडी असते. बाबा, जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, प्रॉस्पर-हानिएल, याच गावातली. ती डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाणीतून निवृत्त झालेली माणसं अजून खिडकीशी येतात आणि खाणीतला जुना नमस्कार घालतात, 'ग्ल्युक आउफ'. राज्याने २०२० साली या बूडेंची नोंद अमूर्त वारशात केली आहे.

खिडकीशी बोलायची रीत ठरलेली आहे. "कसं चाललंय?" असं विचारलं की उत्तर एका शब्दाचं: "मुस्". म्हणजे चालवायलाच हवं. समोरचाही "मुस्" म्हणतो आणि पाकीट काढतो. नवख्याला हे तुटक वाटतं, पण "मुस्" ऐकू आलं म्हणजे सगळं ठीक. एखादा त्यापुढे दोन वाक्यं बोलला की मागचे लोक घाई करत नाहीत, कारण त्याच्या घरी काहीतरी झालेलं असतं. गल्ल्यावरच्या बाईला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळते, त्यामुळे जी कळू द्यायची नाही ती तिथे बोलायची नाही. पगार कोणी विचारत नाही. भाडं, गुडघे, फुटबॉल, कोणाचा मुलगा परत आला, कोणाचं घर रिकामं झालं, हे सगळं चालतं. लहान मूल एक युरो घेऊन आलं तर ते बरण्यांकडे बोट दाखवत "यातली दोन, त्यातली तीन" असं एकेक गोळी निवडतं, कागदी पिशवी भरते, आणि मोठी माणसं मुकाट्याने थांबतात.

आता बाटल्या. बाबांनी विचारलं होतं, की रिकाम्या बाटल्या घरात कशाला साठवतेस. त्या कचरा नाहीत, त्यांत आपलेच पैसे अडकलेले असतात. बहुतेक बाटल्यांवर अनामत घेतात, तिला 'प्फांट' म्हणतात. पुन्हा भरायच्या बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, तारेच्या बुचाची असेल तर १५. पाण्याच्या पुन्हा भरायच्या बाटलीला १५. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि डब्याला २५. क्रेटचे वेगळे दीड युरो. म्हणजे वीस बिअर बाटल्यांचा क्रेट परत केला की ३ युरो १० सेंट हातात येतात, बारा पाण्याच्या बाटल्यांचा केला की ३ युरो ३०. वाईनच्या बाटलीला सहसा काहीच नसतं, ती काचेच्या पिंपात टाकायची. चूक होते ती डबा चेपण्यात. दुकानातलं यंत्र बारकोड वाचतं. डबा चुरगळला किंवा लेबल फाटलं की ते परत ढकलतं. दोनशे चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला स्वतः विकतं त्याच छापाचे एकदा-वापराचे डबे परत घ्यावे लागतात, म्हणून बूडेवर विकत नाहीत त्या छापाचे डबे तिथे घेऊन जाऊ नये, बाईला नाही म्हणावं लागतं. रस्त्यात प्यायलेली बाटली लोक पिंपात न टाकता पिंपाशेजारी उभी ठेवतात. ज्यांना त्या पैशांची गरज आहे त्यांना घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. मला ही पद्धत फार आवडते.

आणि इथेच आईचं उत्तर आहे. बूडेवर बाटल्या हातानेच परत द्यायच्या असल्याने खिडकीतल्या बाईला घराघरातलं कळतं: कुठे पाहुणे आले, कोण नुसतं पाणी पितोय, रोज पेपर नेणारे आजोबा आज आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत तर कोणीतरी त्यांच्या दारावरची बेल वाजवतं. दार उघडायला वेळ लागला तरी खालीच थांबतं. माझाही पाव ठरलेला आहे, आई. मी दोन सकाळी दिसले नाही तर माझी बेल वाजेल. तेवढ्यासाठी मी तिथे जाते.

बाबांच्या गुडघ्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. मला काळजी वाटू नये म्हणून सांगितलं नाहीत, ते समजतं. पण आपल्या घराजवळच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आधी ठाऊक होतं, आणि मला नाही. यापुढे असं करू नका.

पैसे या महिन्यात दहा तारखेऐवजी वीसला येतील. घराच्या हीटिंगचा वर्षाचा हिशेब झाला, वरची रक्कम भरावी लागली. ताईच्या लग्नासाठी वेगळे ठेवलेत त्यांना हात लावलेला नाही, हॉलची आगाऊ रक्कम मीच भरणार. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो मिळाला. नाही म्हणत नाही, पण आधी त्यांना सांग की मी आणखी दोन वर्षं तरी इथे आहे. ते ऐकून त्यांची हरकत नसेल तर फोनवर बोलेन. दिवाळीला येणं होणार नाही. फराळ पाठवायचा खटाटोप करू नकोस, चकल्या मोडतात आणि तुझे हात दुखतात.

लग्नाची तारीख गुरुजींकडून लवकर काढून घ्या. मला सुट्टीचा अर्ज आधी द्यावा लागतो, आणि हळदीच्या आदल्या दिवशी तरी मी घरी हवी.

तुमची लेक