उशीर म्हणजे मंदपणा नव्हे

महोदय,

आपल्या दैनिकातील स्पर्धा परीक्षांच्या सदरांत ‘वेग वाढवा’ हा सल्ला वारंवार दिलेला असतो. उत्तराला लागणारा वेळ आणि समज यांची त्यात गल्लत होते, असे संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून मला वाटते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजण्याचे गणित आज उपलब्ध आहे.

रॉजर रॅटक्लिफ या मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार, दोनपैकी एक पर्याय निवडताना मेंदू पुरावा थोडाथोडा गोळा करतो; हा पुरावा नेहमीच थोडा अस्पष्ट असल्याने पारडे कधी इकडे, कधी तिकडे झुकते आणि एका बाजूची ठरावीक मर्यादा गाठली की निर्णय होतो. मर्यादा जवळ असेल तर उत्तर लवकर येते, पण चुका वाढतात. दूर असेल तर उशीर होतो, पण चुका घटतात. पुरावा किती झपाट्याने गोळा होतो, ही मात्र निराळीच बाब आहे. बरोबर आणि चुकीच्या सर्व उत्तरांच्या वेळा एकत्र अभ्यासल्या, तरच या दोन्ही राशी वेगळ्या काढता येतात. नुसत्या घड्याळावरून त्या कळत नाहीत.

याच्याशी नाते सांगणारे गणित संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मालाच्या तपासणीसाठी सिद्ध केले होते, ही गोष्ट आम्हा सोलापूरकरांना जवळची वाटावी. माझे वडील एका यंत्रमाग कारखान्यात चादरी तपासत. शंका आली की त्या जागेवरून ते पुन्हा अंगठा फिरवत, कापड उजेडाकडे धरत आणि मगच ती चादर बाजूला काढत. साठीनंतर ‘हात मंदावला’ म्हणून त्यांना ते काम सोडावे लागले. त्यांच्या हातून सदोष चादर सुटते, अशी तक्रार कोणाचीच नव्हती. रॅटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनेक चाचण्यांत असे आढळले की, ज्येष्ठांचा उशीर बराचसा त्यांनी दूर ठेवलेल्या मर्यादेमुळे आणि हालचालीला लागणाऱ्या वेळेमुळे होतो. पुरावा गोळा करण्याची गती पुष्कळदा तरुणांइतकीच असते. सर्व कामांत असे घडते असे नाही, पण वडिलांच्या बाबतीत हे कोणी तपासलेच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षांचे मार्गदर्शन छापताना, सराव प्रश्नपत्रिकेतील ‘सावकाश पण बरोबर’ आणि ‘झटपट पण चूक’ अशी उत्तरे वेगळी मोजायला विद्यार्थ्यांना सांगावे, ही विनंती.

आपला,
एक संख्याशास्त्र शिक्षक,
अशोक चौक, सोलापूर