खोडलेलं नाव परत कसं लिहायचं, तेही कायद्यात लिहा

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार

विषय : आरोग्य व्यवसायातली रद्द झालेली नोंदणी परत मिळवण्याच्या प्रक्रियेबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

फार्मसी कायदा १९४८ चं कलम ३६ फार्मासिस्टचं नाव रजिस्टरमधून कसं काढायचं ते नीट सांगतं. कोणत्या कारणांसाठी काढता येईल, त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, कार्यकारी समितीच्या आदेशावर राज्य फार्मसी परिषदेने, म्हणजे ही नोंदणी सांभाळणाऱ्या संस्थेने, शिक्कामोर्तब करायचं, त्यानंतरही तीन महिने आदेश अमलात येत नाही, तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, शेवटी सर्टिफिकेट रजिस्ट्रारकडे जमा करायचं आणि काढलेलं नाव राजपत्रात छापायचं. पुढचं कलम ३७ मात्र एक वाक्य आणि एक परंतुक एवढ्यात आटोपलं आहे. परिषदेला पुरेशी वाटतील अशी कारणं असली तर ती केव्हाही, ठरलेली फी घेऊन, काढलेलं नाव परत घालू शकते. आणि अपील सरकारने फेटाळलेलं असेल तर त्याला सरकारची मंजुरी लागते.

किती काळ लोटला पाहिजे, अर्जदाराने काय सिद्ध करायचं, ज्याच्या तक्रारीवरून नाव गेलं त्याला बोलवायचं की नाही, परिषदेने नाही म्हटलं तर पुढे कुठे दाद मागायची, यातलं काहीही तिथे नाही.

मी फार्मसी कॉलेजात शिकवायचे. आता निवृत्त आहे. पण माजी विद्यार्थी अजून येतात, आणि त्यातले काही असा अर्ज हातात घेऊन येतात. "मॅडम, जरा बघता का, नीट लिहिलाय ना?" अर्ज बहुतेक एकाच साच्याचे असतात. पहिल्या परिच्छेदात आदेशाचा क्रमांक आणि तारीख. दुसऱ्यात घरची परिस्थिती : आईवडील वृद्ध आहेत, मुलांचं शिक्षण चालू आहे, कर्जाचे हप्ते थकले आहेत. तिसऱ्यात "यापुढे माझ्याकडून असे घडणार नाही याची हमी देतो". सोबत प्रतिज्ञापत्र आणि फी भरल्याची पावती. खाली सही. वाचून वाईट वाटतं, कारण तो माणूस खरंच अडचणीत असतो. पण औषधांबद्दल त्या कागदावर एक ओळ नसते. कशी असेल? कुणी विचारलेलंच नाही.

यातली बरीच प्रकरणं सर्टिफिकेट लावण्याची असतात. आपल्या खात्याला हा प्रकार सांगायला नको. मेडिकलच्या परवान्यावर एकाचं नाव, काउंटरवर दुसराच उभा. फार्मासिस्ट महिन्याला येऊन सह्या करतो, पैसे घेतो आणि जातो. इन्स्पेक्टर येतो तेव्हा तो सापडत नाही, विक्रीच्या रजिस्टरवर मात्र त्याच्या सह्या असतात. हा गुन्हा लहान आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायची, हाच या व्यवसायाचा पाया आहे आणि सर्टिफिकेट भाड्याने देणारा तो विकून बसलेला असतो. त्याचं नाव जावं हे मला मान्य आहे. प्रश्न त्यापुढचा आहे.

नाव गेल्यावर हा माणूस काय करतो? बहुतेक वेळा त्याच दुकानात, त्याच काउंटरवर उभा राहतो. आता परवान्यावर नाव दुसऱ्या कुणाचं असतं, हा 'सेल्समन' असतो, एवढाच फरक. रजिस्टरबाहेरच्या माणसाने काय करू नये ते कलम ४२ सांगतं. काय करता येईल, हे त्याला कुणी सांगत नाही. मग परिषदेपुढे परतीचा अर्ज येतो तेव्हा मधली वर्षं कशी गेली याचा हिशेब कुणाकडेच नसतो, आणि असलाच तर तो दाखवण्यासारखा नसतो.

आता समजा, एखाद्याचं नाव २०१३ च्या सुरुवातीला गेलं आणि २०१६ मध्ये परत आलं. मधल्या काळात, १ मार्च २०१४ पासून, औषध नियमांतली शेड्यूल एच-वन ही नवी यादी लागू झाली. अनेक प्रतिजैविकं आणि क्षयाची औषधं तिच्यात गेली, त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवणं आणि ती तीन वर्षं जपणं बंधनकारक झालं. परत आलेल्या माणसाला हे ठाऊक आहे का, हे तपासण्याची एकही पायरी कलम ३७ मध्ये नाही. नियम वाचून तरी कळतील. हाताची सवय आणि नजर गेली की ती पुस्तकातून येत नाही. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट दिलं जातं ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चिठ्ठीवर घाईत काहीतरी खरडलेलं असतं, रुग्ण ती गोळी रोज घेऊ लागतो, आणि रक्तपेशी घसरून तो दगावू शकतो. अशी माणसं दगावली आहेत. चिठ्ठी हातात आल्यावर "ही गोळी रोजची नाही, वार ठरवून घ्या" असं रुग्णाला समोर बसवून सांगणं, त्याच्याकडून ते वदवून घेणं, हे फार्मासिस्टचं काम. परतीच्या अर्जदाराला एवढा एक प्रसंग तोंडी विचारला, तर कर्जाच्या हप्त्यांपेक्षा बरंच जास्त कळेल.

डॉक्टरांच्या बाबतीत तऱ्हा वेगळी, पण दोष तोच. व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमावलीनुसार वैद्यक परिषद डॉक्टरचं नाव कायमचं किंवा ठरावीक मुदतीसाठी काढू शकते, आणि मुदतीसाठी काढलं असेल तर मुदत संपल्यावर ते परत घालावं असा आदेशही देऊ शकते. म्हणजे कॅलेंडरचं पान उलटलं की नाव परत. मधल्या काळात त्या डॉक्टरने काय शिकलं, ज्या कारणासाठी शिक्षा झाली ते कारण उरलं आहे का, हे विचारायची तरतूद तिथे नाही. तीच नियमावली म्हणते की नाव काढल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत आणि वैद्यकीय संघटनांच्या प्रकाशनांत ठळकपणे द्यावी. नाव परत आल्याची बातमी द्यावी, असं मात्र म्हणत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली आणली, ती त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २००२ चीच पुन्हा लागू झाली. तेव्हा हे जुनं भोक तसंच राहिलं.

थोडक्यात, एकीकडे परिषदेची मर्जी आणि दुसरीकडे तारीख. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच निरुपयोगी.

इतरत्र काय करतात ते आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेलच, तरी इथे वाचकांसाठी लिहिते. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टची नोंदणी २०१० पासून जनरल फार्मास्युटिकल काउन्सिलकडे आहे. तिथे नाव काढल्यापासून पाच वर्षं परतीचा अर्जच करता येत नाही. त्यानंतर अर्ज केला की समितीपुढे सुनावणी होते आणि आपण आता हे काम करायला योग्य आहोत हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. तिथल्या डॉक्टरांना हीच मुदत पूर्वी अवघी दहा महिने होती, २००० साली ती पाच वर्षं केली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९९१ चा एकच कायदा सगळ्या आरोग्य व्यवसायांना लागू आहे : रद्द झालेली नोंदणी परत मागायला साधारणपणे एक वर्ष थांबावं लागतं, पण रुग्णाच्या लैंगिक शोषणासाठी ती गेली असेल तर पाच वर्षं. मुदत किती असावी यावर वाद घालता येईल. मला स्वतःला दहा महिने हास्यास्पद वाटतात, आणि सरसकट पाच वर्षं सर्टिफिकेट लावणाऱ्यासाठी जास्त वाटतात. पाच वर्षांनी तो फार्मासिस्ट राहतच नाही. पण तिथे मुदत लिहिलेली आहे, ती सगळ्यांना आधी ठाऊक आहे, आणि मुदत संपली म्हणजे नाव मिळालं असं नाही, फक्त दार ठोठावायचा हक्क मिळाला.

"परतीची वाट सोपी केलीत तर वाईट माणसं आत येतील", असं कुणी म्हणेल. मी सोपी करा म्हणत नाही. ब्रिटनचा डॉ. हॅरॉल्ड शिपमन १९७६ मध्ये स्वतःच्या व्यसनासाठी पेथिडीन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल दोषी ठरला होता. त्याचं नाव काढलं नाही, ताकीद देऊन सोडलं. तो दुसऱ्या गावी दवाखान्यात रुजू झाला. २००० साली पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली आणि पुढे चौकशीत किमान २१५ बळी निघाले. त्या ताकिदीनंतर त्याच्यावर करडी नजर असती तर सगळं टळलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण व्यवसायात परतणाऱ्या माणसावर अटी घालून लक्ष ठेवणं ही केवळ औपचारिकता नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

म्हणून माझं मागणं असं आहे की परत येणं ही सुनावणी असावी. तिथे अर्जदाराने कुटुंबाची हलाखी मांडायची नाही. आपण काय केलं, त्याने रुग्णाला काय धोका झाला हे स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि मधल्या वर्षांचा पुरावा द्यायचा. त्यासाठी मधल्या वर्षांत त्याला करण्याजोगं काहीतरी उपलब्ध हवं : मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, परिषदेच्या माहितीने रुग्णांशी संबंध न येणारं काम. लेखी आणि तोंडी परीक्षा हवी. आणि नाव परत आलं तरी सुरुवातीला अटींसह यावं, म्हणजे एखाद्या अनुभवी फार्मासिस्टच्या, नर्सच्या, डॉक्टरच्या हाताखाली, ज्याने तिमाही अहवालावर स्वतःची सही करायची. होकार असो वा नकार, कारणं लिहून द्यावीत आणि ती लोकांना पाहता यावीत. नकाराविरुद्ध अपील असावं. आज कलम ३८ नुसार नाव काढण्याच्या आदेशाला कुठल्या न्यायालयात आव्हान देता येत नाही, तेव्हा उरतो तो उच्च न्यायालयात रिट करण्याचा मार्ग. ज्याचं उत्पन्न बंद झालंय त्याने तो चालायचा कसा?

काहींना मात्र परत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बनावट पदविकेवर ज्याने नोंदणी मिळवली तो मुळात फार्मासिस्ट नव्हताच, त्याला परत यायला काही नाही. रुग्णाच्या शरीराचा गैरफायदा घेणारा आणि शाळकरी पोरांना नशेच्या गोळ्या विकणारा, यांच्यासाठी "कायमचं" याचा अर्थ कायमचं असाच हवा. उलट टोकाला, केवळ नूतनीकरणाची फी थकली म्हणून कलम ३४ खाली ज्यांचं नाव निघतं त्यांना सुनावणीच्या फेऱ्यात ओढू नये. लग्नानंतर, बाळंतपणानंतर काही वर्षं घरी राहिलेल्या कितीतरी मुली त्यात असतात. त्यांची उजळणी घ्या आणि नाव द्या, विषय संपला.

तक्रारदाराबद्दल कुणीच बोलत नाही. ज्याच्या घरातलं माणूस चुकीच्या औषधाने गेलं, त्याला तो फार्मासिस्ट पुन्हा काउंटरवर आहे हे कधी कळतं? दुकानासमोरून जाताना. परतीच्या सुनावणीची नोटीस त्याला गेली पाहिजे. त्याने यावं, बोलावं, किंवा न येता दोन ओळी लिहून पाठवाव्यात, त्याची इच्छा. निर्णय परिषदेनेच घ्यायचा, पण त्याचं म्हणणं फाइलमध्ये हवं.

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे, तर गेल्या काही वर्षांत आरोग्य व्यवसायांचे कायदे नव्याने लिहिले गेले. वैद्यकासाठी २०१९, संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी (फिजिओथेरपिस्ट, लॅब तंत्रज्ञ वगैरे) २०२१, दंतवैद्यक आणि परिचर्येसाठी २०२३. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या मंत्रालयाने राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला. आयोग बदलले, मंडळांची नावं बदलली. परतीचं प्रकरण या प्रत्येक कायद्याखालच्या विनियमांत एकाच धर्तीवर लिहिता येईल, आणि नर्सला एक न्याय, फार्मासिस्टला दुसरा असं होणार नाही.

तोवर एक काम आपल्या एका पत्राने सुरू होऊ शकतं. २००२ च्या नियमावलीत डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावायची मुदत आहे. परतीच्या अर्जाला तशी कुठलीच मुदत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना होकारही मिळालेला नाही आणि नकारही. सर्व राज्य परिषदांनी असे किती अर्ज किती दिवसांपासून पडून आहेत याची यादी आपल्याकडे पाठवावी आणि प्रत्येक अर्जाला सहा महिन्यांत लेखी उत्तर द्यावं, एवढं त्यांना कळवावं ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मसी शिक्षिका