पाचवीच्या मुलांना जरा सवड द्या

महोदय,
जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. चार वर्षे एकाच बाईंच्या नजरेखाली वाढलेले मूल जूनमध्ये पाचवीला माध्यमिक शाळेत जाते आणि सगळेच पालटते: घंटा, तासिका, दर तासाला नवे सर, विषयवार वह्या. माझा मुलगा गेल्या वर्षी गिरणाऱ्याहून नाशिक शहरातल्या शाळेत जाऊ लागला. महिनाभर डबा अर्धाच खाऊन परत आणायचा. खोदून विचारले तेव्हा कळले, मधली सुट्टी नळापाशीच्या रांगेत संपते आणि मोठी मुले पुढे घुसतात. शाळेत सांगितले, तर ‘होईल सवय’. झाली, पण दिवाळी उजाडली!

शिक्षण हक्क कायद्याने पाचवी अजून प्राथमिकच आहे, हे माध्यमिक शाळा सोयीस्कर विसरतात. त्यात २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आली. पुनर्परीक्षेतही मूल नापास झाले तर पुन्हा त्याच वर्गात.

निदान पहिले पंधरा दिवस वर्गशिक्षकांनीच जास्तीत जास्त तास घ्यावेत. चार-पाच मुलांमागे नववीतला एक दादा किंवा ताई नेमून द्यावी. प्रयोगशाळा कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे मुले त्यांनाच मोकळेपणी विचारतात. आणि एप्रिलमध्येच चौथीच्या मुलांना एकदा नवी शाळा दाखवून आणावी. खर्च काय, तर बसभाडे.

– एक पालक, गिरणारे (नाशिक)