पहिलीचा वर्ग मिळालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. बदली चोपड्याकडं झाली आणि हातात पहिली-दुसरी दिली, आता बारा वर्षं सातवीला गणित शिकवलेला माणूस ह्या एवढ्याशा पोरांना काय शिकवणार म्हणून लिहिलंस, ते वाचून लगेच फोन करणार होतो पण तिकडं रेंज लागत नाही म्हणतोस, म्हणून हे बसून लिहून ऱ्हायलो. मोठं होईल भो, जिथं रेंज येईल तिथं बसून सावकाश वाच.

पहिलं सांगतो, अक्षराची घाई करू नको. जूनमध्ये पोरगं येतं तेव्हा त्याच्या बोटात पेन्सिल धरायचं बळच नसतं. आमच्याकडं पहिले पंधरा-वीस दिवस मी पाटी फारशी काढतच नाही. नाल्यातली काळी माती आणतो, गोळे वळायचे, बैल करायचे, शेंगा फोडायच्या, दादर ज्वारी आणि मूग एकत्र मिसळून पुन्हा निवडायचे. पालक येऊन विचारतात सर हे काय खेळ लावलेत, त्यांना तिथंच बसवतो आणि दाखवतो की ज्या दोन बोटांनी मूग उचलला त्याच दोन बोटांत उद्या पेन्सिल येणार आहे. पटतं त्यांना, शेतीतली माणसं आहेत, हाताचं काम कळतं.

आता खरी गोष्ट. ही सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

माझं पहिलीचं पहिलंच वर्ष. एक पोरगी होती, अहिराणी बोलणारं घर, येताना दारातूनच बडबड करत यायची. एक दिवस उभी राहून म्हणाली, मी शायामा येवाले घाबरत नही. मी म्हणालो शाया नाही, शाळा म्हण. पुन्हा शाया. पुन्हा मी म्हणालो शा-ळा. चार वेळा केलं रे मी हे, आणि चौथ्या वेळी सगळा वर्ग हसला. ती खाली बसली आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. विचारलं की मान हलवायची, बस. ते तोंड मी बंद केलं होतं. आजपण आठवलं की पोटात कालवतं.

तिच्या कानाचं काही चुकलंच नव्हतं ना. आपल्या खान्देशात ळ चा य होतो, डोया, फया, केयं, अरे जळगावलासुद्धा आपली म्हातारी माणसं जयगावच म्हणतात. पोरगी घरी जे ऐकते तेच अगदी बरोबर बोलत होती. लिहिताना पोरगं जेव्हा डोया लिहितं तेव्हा त्यानं आवाज ऐकला, तोडला, प्रत्येक आवाजाला अक्षर शोधलं, म्हणजे वाचन-लेखनाचं सगळ्यात अवघड काम त्यानं केलेलं असतं आणि आपण त्यावर लाल काट मारतो.

म्हणून आता मी काय करतो ते बघ. रोज सकाळी परिपाठ झाला की 'आजची बातमी'. कोणी एक जण उठून बातमी सांगतो आणि मी ती फळ्यावर त्याच्याच शब्दात लिहितो, एक अक्षर बदलत नाही. मागच्या वर्षीची एक अजून लक्षात आहे, "मन्ही गाय कायी शे. रातले तिले वासरू व्हयनं." झालं, एवढंच. मग बोट फिरवत सगळे वाचतात, ज्याची बातमी तो दहा वेळा वाचतो, कारण ती त्याची गाय आहे. ज्याला एकपण अक्षर येत नाही तोसुद्धा आठवड्याभरात 'गाय' कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवतो. मी ह्या बातम्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मार्करनं उतरवून खिळ्याला अडकवतो, मार्चपर्यंत जाडजूड पुस्तक होतं आणि वर्गातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक तेच असतं.

तू म्हणशील हे काय नवीन. नवीन नाहीच. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या घरच्या बोलीत म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि घरातले लोक उतरवून घ्यायचे, तेवढ्यामुळं ते सगळं टिकलं. उतरवणाऱ्यानं तिथं बोली सुधारून घेतली असती तर काय उरलं असतं सांग. आणि आमच्या अमळनेरातच साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, रोजचं. मी तर फक्त दोन ओळी लिहितो.

मग प्रमाण भाषा कधी, हे तू विचारणारच. दिवाळीनंतर फळ्यावर दोन रकाने पाडतो, एक घरचा शब्द, एक पुस्तकातला शब्द. डोया – डोळा, फया – फळा, कायी – काळी. मी नियम सांगत नाही, नुसते जोडत जातो. चार-पाच दिवसांत कोणीतरी ओरडतंच, सर घरमा य आनि पुस्तकमा ळ! तो दिवस पोरांसाठी सणासारखा असतो. मग आठवडाभर उलटी चूक होते, गाय चं गाळ आणि पाय चं पाळ लिहितात, होऊ दे, रागवू नको, नियम डोक्यात शिरला म्हणूनच ती चूक झाली. आपोआप जाते.

अक्षरं शिकवताना अ आ इ ई पासून सुरू करू नको, ज्यातून लगेच शब्द होतील अशी घे. म, क, न, ल आणि एक काना. एवढ्यात मका, नाक, कान, काका, मामा, नाना, लाल, काल सगळं होतं. पुठ्ठ्याचे तुकडे करून दे, जमिनीवर जुळवत बसतील, तुला फक्त फिरत राहायचंय.

गणितात तू माझ्यापेक्षा हुशार, पण इथं एक अडचण आहे जी सातवीत दिसत नाही. पंचवीस म्हणताना आधी पाच येतात आणि मग वीस, लिहिताना उलटं, म्हणून पोरं सरळ ५२ लिहितात. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतं ना. मला वाटतं दोन्ही नावं चालू द्यावीत, पण त्याआधी हातात काड्या द्याव्यात. मी तुराट्यांचे बोटाएवढे तुकडे करतो, दहाची जुडी, सुतळीनं बांधायची, आणि जुडी पोरांनीच बांधायची, आयती द्यायची नाही. दोन जुड्या न् पाच सुट्या. ज्यानं स्वतः जुडी बांधली त्याला दशक समजावून सांगावा लागत नाही. आणि वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की सुतळी सोडायची, तो क्षण बघ त्यांच्या तोंडावर.

तुझ्याकडं तर केळी आहे, माझ्याकडं नाही म्हणून मला हेवा वाटतो. मी रावेर तालुक्यात होतो तेव्हा शनिवारी एक अख्खा घड वर्गात आणायचो, कुणीतरी पालक आनंदानं देतात. आधी अंदाज सांगायचा, किती केळी असतील, फळ्यावर प्रत्येकाचा आकडा. मग फण्या मोजायच्या, मग एकेका फणीतली केळी, वरच्या फणीत जास्त खालच्या फणीत कमी, मग दहा-दहाचे गट, मग पटसंख्येत वाटणी, उरलेल्यांचं काय करायचं ह्यावर भांडण, आणि शेवटी खायची. एका घडात महिन्याचं गणित निघतं भो.

पाड्यावरची पोरं पावरी बोलतात म्हणतोस, म्हणजे ना अहिराणी ना मराठी. तिथं तूच विद्यार्थी हो. अंगणवाडीच्या ताईंना नाहीतर दुसरीतल्या एखाद्या धीट पोराला जवळ बसव, बस, पाणी, भूक लागली, पोट दुखतंय एवढे शब्द पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून शीक आणि त्यांच्यासमोर चुकत चुकत बोल. सर पण चुकतात हे दिसलं की पोरं चुकायला घाबरत नाहीत. बातमीसुद्धा पावरीतच उतरव, ती देवनागरीत बसते तशी.

निपुण भारतचं, त्या सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं, टेन्शन आत्ताच घेऊ नको. तिसरीपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे हे त्यांचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे, पण ते पहिलीच्या ऑगस्टमध्येच दिसलं पाहिजे असं कोणी म्हणायला लागलं तर त्यांना कॅलेंडरचं पुस्तक दाखव.

आणि ती पोरगी, विचारशील म्हणून सांगतो. दिवाळीनंतर मी एकदा वर्गात तिच्या बोलीत गोष्ट सांगितली, माझ्या आजीची, मोडकीतोडकी. मधे एक शब्द माझा चुकला आणि तिनं पटकन तो दुरुस्त केला. तेवढंच बोलली. मी तो शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि फळ्यावर लिहिला.

पोळ्याला गावी येशील ना? तुराट्यांच्या वीसेक जुड्या तुझ्या पोरांसाठी काढून ठेवतो, सुटे तुकडे वेगळे देतो, बांधतील तेच. आणि तुझ्या वर्गातली पहिली बातमी कोणाची होती, काय होती, ते जशीच्या तशी लिहून पाठव.

तुझाच,
अमळनेरवाला