बोटाचा फोटो टाका, पण यादी लावू नका

महाल, नागपूर
९ नोव्हेंबर २०२४

चि. सुमितला अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. २० तारखेला, विधानसभेच्या मतदानादिवशी, तुमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर प्रत्येकाने शाई लागलेल्या बोटाचा फोटो टाकायचा आणि ज्यांचे फोटो आले नाहीत त्यांची रात्री फ्लॅट नंबरसकट यादी लावायची, असा बेत दिसतो. वर इलेक्शन ड्यूटीच्या आठवणींचा माझा एक व्हिडिओही हवाय तुला. फोनवरच बोलले असते, पण तू अर्ध्यात ‘हो आई, कळलं’ म्हणतोस, म्हणून लिहायला बसले.

फोटो टाकायला माझी ना नाही. बोट मिरवायची हौस तुमच्या मोबाइलच्याही आधीची आहे. मी शाई लावायला बसायचे तेव्हा उमरेडकडच्या एका गावात एक म्हातारी अडून बसली होती. म्हणे, “बाई, जरा मोठं लाव वं, सुनेले दाखवाचं हाय.” मी नियमाप्रमाणे लावलं, तरी तिचं समाधान होईना. एकदा एक नवरी हळदीच्या अंगाने आली. शाईने लग्नाच्या फोटोत हात वाईट दिसेल म्हणून तिची आई कुरकुरत होती. नवरीनेच डावा हात पुढे केला.

शाईचं काम मतदान अधिकारी क्रमांक दोनकडे असतं. पहिला यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, दुसरा शाई लावून रजिस्टरवर सही घेतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा चिठ्ठी बघून मशीन सुरू करून देतो. बाटली कलंडू नये म्हणून आम्ही ती वाळूच्या डब्यात रोवून ठेवायचो. आधी बोट तपासायचं. कुणी तेल चोपडून आलं असेल तर फडक्याने पुसून घ्यायचं, कारण तेलावर शाई धरत नाही. मग नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याचा संयोग होतो, उजेड लागला की ते काळं पडतं, आणि मग साबण लावा नाहीतर लिंबू चोळा, हलत नाही. नखावरचा डाग तर नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जातो. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते.

एवढा खटाटोप मुळात कशासाठी, तर एका माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून. म्हणजे सरकारने आपल्यावर घेतलेला संशय तो, आणि लोकांनी त्याचाच दागिना करून टाकला. आपल्या नागपूरची ज्योती आमगे आठव. उंची दोन फुटांच्या जरा वर, जगातली सर्वांत बुटकी महिला म्हणून गिनेसमध्ये नाव. दर निवडणुकीला ती मत देऊन बाहेर येते, बोट दाखवते, लोकांना मत द्या म्हणते. या एप्रिलमध्ये लोकसभेलाही तिचा फोटो सगळ्या पेपरांत होता. ती कुणाला लाजवत नाही. मी आले, तुम्हीही या, एवढंच तिचं म्हणणं.

तुझी यादी मात्र मला पटत नाही.

ड्यूटीवर असताना माझं स्वतःचं बोट कोरं असायचं, हे तुला ठाऊक नसेल. माझं नाव इथे महालात आणि ड्यूटी कुठेतरी चाळीस किलोमीटरवर. त्यामुळे टपाली मतपत्रिका घरी यायची, ती भरून, प्रतिज्ञापत्र जोडून पाकिटात घालून पाठवायची. त्यात शाईचा प्रश्नच नव्हता. एका वर्षी दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या एका काकूंनी चारचौघींत विचारलं, “मास्तरीण असून मत नाही दिलं काहून?” दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावून, रात्री मशीन जमा करून पहाटे घरी आले होते मी. तुझ्या यादीत माझाही फ्लॅट नंबर लागला असता.

तुमच्या गेटवरचा चौकीदार छिंदवाड्याकडचा ना? त्याचं नाव तिकडच्या यादीत. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी आजोबांनी घरूनच मत दिलं असेल, पंच्याऐंशीच्या वरच्यांना आता ती सोय आहे. कुणी दवाखान्यात असेल. कुणाचं नाव यादीतून उडालं असेल. एप्रिलमध्ये कितीतरी लोक केंद्रावर जाऊन नाव नाही म्हणून परत आले. आणि कुणाला खरंच द्यायचं नसेल. मत न देणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. मला त्या माणसाचा राग येतो, तो वेगळा मुद्दा. पण म्हणून त्याचं नाव भिंतीवर लावायचा अधिकार मला मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. गडचिरोलीला ड्यूटी केलेले माझे सहकारी सांगतात, तिकडच्या काही गावांत वर्षानुवर्षं नक्षलवाद्यांची मतदानावर बहिष्काराची पत्रकं लागायची. अशा ठिकाणी शाईचं बोट मिरवायचं नसतं, खिशात लपवायचं असतं. मतदान पथकं हेलिकॉप्टरने उतरवतात, काही भागांत दुपारी तीनलाच मतदान आटोपतात. तरीही या एप्रिलमध्ये गडचिरोली-चिमूरला ७१ टक्क्यांच्या वर मतदान झालं. आणि त्याच दिवशी, १९ एप्रिलला, आपल्या नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपास. इथे दोन गल्ल्या ओलांडल्या की केंद्र, बाहेर मांडव, प्यायला पाणी, वर सेल्फी पॉइंट. मला तरी यातून एवढंच दिसतं की लोक फोटोसाठी येत नाहीत आणि फोटो नसल्याने अडतही नाहीत.

मग अडतात कशाने? ऊन होतं, हे खरं. पण नागपूर गेल्या वीस वर्षांत महाल-इतवारीतून उठून वर्धा रोडकडे, मानेवाड्याकडे, बेसा-पिपळ्याकडे राहायला गेलं आणि नावं जुन्याच यादीत राहिली. तुझंच बघ, लग्नानंतर तू तिकडे गेलास, नाव अजून माझ्या खाली आहे. भाऊबीजेला आलास तेव्हाही मी म्हटलं होतं, फॉर्म आठ भर, पत्ता बदलून मिळतो. या निवडणुकीपुरती त्याची मुदत गेली. तेव्हा तुझ्या ग्रुपवर पहिला मेसेज हा टाक: नाव कोणत्या यादीत, कोणत्या केंद्रावर आहे ते आजच बघा. १९५० वर फोन लागतो, आयोगाच्या ॲपवरही दिसतं. ज्यांची नावं जुन्या शहरात आहेत त्यांची सकाळी एकत्र गाडी काढा. गाडीवर कुठल्या पक्षाचं काही नको आणि पेट्रोल आपलं आपण भरायचं. उमेदवाराने मतदारांची फुकट ने-आण केली तर कायद्यात ते भ्रष्ट आचरण ठरतं, उगाच कुणाच्या पदरात तो वाद नको.

पूजाचं नाव लग्नाआधीच्या आडनावाने आहे की नंतरच्या, तेही तपास. बायकांच्या नावांची रड फार जुनी आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणाऱ्यांना कित्येक बायकांनी ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं, यावर ते अडून राहिले, आणि जवळपास २८ लाख बायका यादीबाहेर गेल्या. त्यांत आपल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्याही होत्या. नागपूर तेव्हा त्याची राजधानी. बायकांवर अन्याय झाला असं म्हणणारे आहेत. मला सेन यांचं बरोबर वाटतं, कारण पुढच्या वेळेपर्यंत बायका नाव सांगायला लागल्या.

फोटोबद्दल तुझ्या ग्रुपवरच्या पोरांना दोन गोष्टी स्पष्ट सांग. या निवडणुकीला मोबाइल केंद्राच्या शंभर मीटरच्या आत चालत नाही. हे आधी सांगितलं नाहीस तर अर्धे लोक गेटवरून परततील आणि परत यायचे नाहीत. फोन घरी ठेवा किंवा बाहेर थांबलेल्याकडे द्या, फोटो बाहेर आल्यावर. आणि फोटोत बोट दिसू दे, मत नको. माझ्या शेवटच्या ड्यूटीला एक पोरगा व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी, चिठ्ठी शूट करायला खिशात फोन लपवून आला होता, ती सात सेकंदच दिसते म्हणून आधीपासून कॅमेरा सुरू करून. केंद्राध्यक्षांनी त्याला तिथेच थांबवलं. तो म्हणाला, माझं मत, मी दाखवीन. पण एकाने दाखवलं की उद्या मालक नोकराला म्हणणार, तूही दाखव. म्हणून ते झाकलेलं बरं.

व्हिडिओ मी देते. पण त्यात मत द्या-बिद्या असं भाषण करणार नाही, नाव कसं शोधायचं आणि सोबत काय न्यायचं ते सांगीन. मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही, मतदार कार्ड किंवा आधार, लायसन, फोटोचं पासबुक असं काहीतरी हवं. आणि तुमच्या ऑफिसवाल्यांना सांग, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात, मागून कुणी घुसू नये म्हणून. पावणेसहाला पोचलं तरी फिरून जायचं नाही.

तू आणि पूजा सकाळी सातलाच इकडे या. तुझं केंद्र आपल्या शाळेतच आहे, आठनंतर तिथे गाडी लावायला जागा उरत नाही. पोहे करून ठेवते, तर्री तू येताना आण.

तुझी,
आई