बाबा, तुम्ही इथे रमाल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

"तिथे येऊन आम्ही करणार काय?" हे आईचं फोनवरचं ठरलेलं वाक्य. दर वेळी मी काहीतरी थातूरमातूर सांगते. या वेळी नीट उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

शनिवारी आम्ही लंडनजवळच्या पायरफर्डहून वे नदीवर नॅरोबोटीने दिवसभर हिंडलो. रुंदीला जेमतेम सात फूट आणि लांब म्हणजे लांबच. आत ओटा, गॅस, बाकडी आणि संडाससुद्धा. (आई, हे तुझ्यासाठी.) जावईबापूच चालवत होते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, त्यामुळे सुरुवातीला आमची स्वारी नागमोडी. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. काठावरच्या वाटेने कुत्रा फिरवणारे एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले!

बाबा, आता तुमचा विषय. चढावर जायचं म्हणून मधे मधे लॉक लागतात, म्हणजे बोट वर-खाली न्यायला दोन्ही टोकांना दरवाजे असलेले पाण्याचे हौद. पेपरकोर्टला शेजारच्या सांडव्यावरून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं आणि बोटीने मात्र लॉकमधून वर चढायचं. आत शिरलो, मागचे दरवाजे लावले, पुढून-मागून दोर खुंटांना गुंडाळले आणि इंजिन बंद केलं. इथला नियमच आहे तो. मग लोखंडी हँडल फिरवून वरच्या दरवाज्यातली झडप थोडी थोडी उचलायची. एकदम उचलली तर बोट आपटते. पाणी खळखळत आत आलं, शेवाळलेल्या भिंती हळूहळू बुडाल्या आणि दोर मी ओढून ओढून आवळत राहिले. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत दरवाजा तसूभर हलत नाही. झाली की पाठ लावून रेटायचा. परतीला उतरताना मागच्या दरवाज्याखालच्या उंबऱ्यापासून बोट पुढे ठेवावी लागते, नाहीतर ती त्यावर अडकून कलंडते. तुम्ही असतात तर झडपेचे दाते मोजत बसला असतात.

हे सगळं सर रिचर्ड वेस्टन या इथल्या जमीनदाराच्या डोक्यातून निघालं. आधी त्यांनी कुरणांना पाणी द्यायला नदीतून पाट काढला होता, म्हणजे तुमच्याच खात्यातले म्हणायचे! लॉक त्यांनी नेदरलँड्सकडे पाहिले होते. १६५२ मध्ये ते गेले आणि १६५३ मध्ये गिल्डफर्ड ते थेम्स हा जलमार्ग खुला झाला. आपले महाराज तेव्हा तेवीस वर्षांचे. पाडलेल्या ओटलँड्स राजवाड्याचं सामान बांधकामाला वापरलं, आणि पुढे हिशेबावरून कोर्टकचेऱ्या. ते काही कुठे चुकत नाही! १९६४ पासून सगळं नॅशनल ट्रस्ट या जुना वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

न्यूअर्कच्या पडक्या मठासमोर थांबून थालीपीठं खाल्ली. गाई पार पाण्यात उतरून उभ्या होत्या. खंड्या दिसला, पण नातवाने मान वळवेपर्यंत पसार.

आई, गुडघ्याचं कारण सांगू नकोस. चढ-उतार बोटच करते, तू खिडकीशी बसायचंस. बोटीत चढताना एकच पायरी आहे, तिथे मी हात धरीन.

मे-जूनमध्ये इथे उजेड रात्री नऊपर्यंत असतो, तेव्हाच या. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून लगेच कळवा आणि पेन्शनची कागदपत्रं एका फायलीत काढून ठेवा. व्हिसाचा फॉर्म मी भरते.

तुमची,
सोनू