पीटर बार्ट्रम यांस: वेल्श वंशावळींच्या सव्वीस खंडांबद्दल आभार

आदरणीय बार्ट्रमसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

शंभरी गाठून आपण २००८ साली गेलात, त्यामुळे हे पत्र आता उघडच लिहायचे. हवामान खात्यात नोकरी केलेला एक इंग्रज माणूस वेल्श भाषा शिकतो आणि इ. स. ३०० ते १५०० मधल्या वेल्श घराण्यांचे तक्ते मांडतो, हेच मुळात नवल. १९७४ साली आठ खंड निघाले, १९८३ साली आणखी अठरा. ॲबरिस्टविथ विद्यापीठामुळे आता ते घरबसल्या पाहता येतात. वेल्श घराण्यांचे काम करणारे आम्ही रोज त्यांच्यावर जगतो, तेव्हा आभार नेमके कशाचे ते सांगितले पाहिजे.

सर्वांत उपकारक ठरला तो पिढीचा आकडा. शतकाला साधारण तीन पिढ्या हा हिशेब धरून आपण पिढ्यांना क्रमांक दिलेत. दिसायला क्षुल्लक बाब, पण खोट्या वंशावळीला पहिला चाप तिथेच बसतो. समजा १४७०च्या सुमाराचा माणूस ११७०च्या सुमाराच्या एखाद्या सरदाराला आपला पूर्वज म्हणतो. अंतर तीनशे वर्षांचे, म्हणजे नऊएक पिढ्या हव्यात. सहाच सापडल्या तर मधले तीन बाप गळाले. गळतात कसे, तेही ठरलेले असते. ‘दाविद अप लिवेलिन अप दाविद अप लिवेलिन’ (‘अप’ किंवा ‘अब’ म्हणजे ‘चा मुलगा’) अशी साखळी उतरवताना नकलनविसाची नजर पहिल्या लिवेलिनवरून थेट दुसऱ्यावर जाते आणि दोन पिढ्या नाहीशा होतात. नवरा-बायकोच्या क्रमांकांत तीन-चार पिढ्यांचा फरक दिसला, तर बहुधा एकाच नावाची दोन माणसे एक केली गेलेली असतात.

अशा साखळ्या तिथे जपल्या गेल्या त्या हौसेखातर नव्हे. जुन्या वेल्श कायद्याने जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली जाई, बापाने कबूल केलेल्या अनौरस मुलग्यांतही. वंशावळ हाच सातबारा होता म्हणा ना. १५४२-४३च्या कायद्याने ही वाटणी बंद केली, तोवर मोठमोठ्या घराण्यांच्या जमिनींचे तुकडे झाले होते. म्हणून १७०० सालच्या एखाद्या कुळवाड्याचा पूर्वज खरोखरच उमराव निघतो. यात अतिशयोक्ती नाही. अडचण आहे ती सिद्ध करण्याची.

आपले तक्ते १५००च्या आसपास थांबतात. चर्चमधल्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा असला, तरी वेल्समधल्या बहुतेक गावांच्या टिकलेल्या वह्या बऱ्याच नंतरच्या आहेत. मधल्या शे-दीडशे वर्षांत नवखे लोक हमखास उडी मारतात: खालचा जोन्स, वरचा राजपुत्र, मध्ये हवा. आम्ही शिकवतो ते असे. आधी खालून वर या: १८३७पासूनचे जन्म-मृत्यू दाखले, १८४१पासूनची शिरगणती, मग चर्चच्या वह्या. चॅपलला जाणारी, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांची, घरे बऱ्याचदा चर्चच्या वहीत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी चॅपलच्या नोंदी वेगळ्या पाहाव्यात. प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या नावाशी शेताचे नाव जोडा, कारण नुसत्या ‘जॉन जोन्स’ने काहीच ठरत नाही. त्यापुढे १८५८पूर्वीची मृत्युपत्रे. ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती फुकट पाहायला ठेवली आहेत. मात्र एकाहून अधिक धर्मप्रांतांत मालमत्ता असलेल्या बड्यांची मृत्युपत्रे बऱ्याचदा कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात गेली आणि आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वरून खाली येणारा दुवा म्हणजे ल्युइस डून. या उपहेराल्डने (हेराल्ड म्हणजे कुलचिन्हे आणि वंशावळी नोंदवणारा अधिकारी) १५८६ ते १६१३ या काळात वेल्सभर हिंडून घराण्यांच्या वंशावळी टिपल्या. त्या १८४६ साली दोन खंडांत छापल्या गेल्या. डूनने ज्याच्या घरी वंशावळ घेतली, त्या माणसाचे वर्तमान खात्रीचे. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा आपल्या तक्त्याशी ताडूनच घ्यावेत.

मृत्युपत्र वाचताना आडनावावर विसंबू नये. अप ऱ्हीसचा प्राइस झाला, अप हावेलचा पॉवेल, अब ओवेनचा बोवेन, अप हॅरीचा पॅरी. पण ते एका पिढीत, सगळ्या भावांचे एकदम, असे नाही. ऱ्हीस अप हावेलचा एक मुलगा प्राइस तर दुसरा पॉवेल, असेही घडते. बायका लग्नानंतरही बापाचेच नाव लावत, त्यामुळे आईच्या मृत्युपत्रात आई, नवरा आणि मुले अशी तीन नावे भेटतात आणि ती एकाच घरची असतात. हस्ताक्षराचा घोळ वेगळाच: जुन्या वळणात ‘यु’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात, म्हणून ‘येयान’ (Ieuan) हा ‘जेनन’ (Jenan) होऊन सूचीत बसतो. लॅटिन दस्तऐवजात तर येयान आणि जॉन दोघेही ‘योहान्नेस’. तारखांचेही तसेच: १७५२पूर्वी इंग्रजी कायद्यात वर्ष २५ मार्चला सुरू होई, तेव्हा फेब्रुवारी १६५० हा आपल्या हिशेबाने १६५१चा.

कुलचिन्हांबाबत एक गोष्ट आपल्या तक्त्यांमुळेच समजावता येते. ढालीवर चिन्ह लावण्याची पद्धत युरोपात बाराव्या शतकाच्या मध्यात रुजली. वेल्समधल्या अनेक कुळांचे मूळपुरुष त्याआधीचे. त्यांना चिन्हे नंतरच्या कवींनी आणि हेराल्डांनी बहाल केली. उत्तर वेल्समधल्या ग्विनेध राज्याचा मार्चिध हा असाच एक मूळपुरुष; त्याच्या नावे लाल ढालीवर सॅरासेनचे (मध्ययुगीन युरोपात अरब-मुसलमानांना म्हणत) मुंडके दाखवतात, पण ते त्याने कधी मिरवले नाही. तरीही ते चिन्ह निरर्थक नाही: एखादे घराणे सोळाव्या शतकात ते लावते, तेव्हा आपण मार्चिधच्या कुळातले असे त्याचे म्हणणे असते. हा दावा झाला, पुरावा नव्हे. आपला तक्ता आणि तो दावा जुळतो का, हे पाहायचे.

याचे उत्तम उदाहरण एडनवेद वखन. ग्विनेधचा राजा लिवेलिन अब योर्वर्थ याचा हा कारभारी १२४६ साली वारला. त्याचे म्हणून दाखवतात ते चिन्ह असे: लाल ढाल, मधोमध घराच्या पाख्यांसारखी अर्मिन फरची (पांढऱ्यावर काळे ठिपके) पट्टी, भोवती तीन इंग्रजांची मुंडकी. त्याच्या वंशातल्या पेनमनिधच्या ट्यूडरांनी मुंडक्यांच्या जागी तीन शिरस्त्राणे आणली. थडग्यावर मुंडकी आहेत की शिरस्त्राणे, एवढ्यावरून निदान कुठली फांदी आधी तपासायची ते कळते. ढालीचे चौक वाचायचे ते याच बेताने: भाऊ नसलेल्या मुलीशी लग्न झाले की तिच्या बापाचे चिन्ह पुढच्या पिढीच्या ढालीत येते. थडग्यावर चार चौक असतील, तर अशी लग्ने तक्त्यात शोधावीत.

आडनावावरून कपांवर चिन्हे छापून विकणाऱ्यांबद्दल काय बोलावे! चिन्ह व्यक्तीचे असते आणि तिच्या पुरुष-वंशजांकडे जाते, आडनावाकडे नाही. वेल्समध्येही हक्क सांगायचा तर लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे जावे लागते आणि तिथे बापामागून बाप कागदानिशी दाखवावा लागतो. तसा अर्ज तयार करताना १५००च्या वरच्या पिढ्यांसाठी आपले खंड उघडावे लागतात, आणि मूळ हस्तलिखिताकडे परत जाण्याची वाटही तिथेच सापडते. त्याबद्दल विशेष आभार.

कळावे.

आपले,
वेल्श वंशावळी वाचणारे काही मराठी अभ्यासक